रुग्णालयाची भिंत आणि गवंड्याचा श्वास

कोणत्याही जुन्या रुग्णालयाच्या दर्शनी भागात एक कोनशिला असते. तिच्यावर दात्याचे नाव असते, उद्घाटन करणाऱ्या लाटसाहेबांचे किंवा मंत्र्यांचे नाव असते, क्वचित वास्तुविशारदाचेही असते. ज्यांनी चुना मळला, दगड घडवला आणि डोक्यावरून घमेली वाहिली त्यांची नावे नसतात. हे सर्वच इमारतींबाबत खरे आहे आणि त्याविषयी गहिवर काढून झाला आहे. आम्हांला येथे त्या गहिवराशी कर्तव्य नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. रुग्णालय ही देवळासारखी किंवा कचेरीसारखी एकदा बांधून संपणारी वास्तू नव्हे. तिच्यात सतत काहीतरी फोडले जाते, जोडले जाते, रंगवले जाते. आणि हे सारे बहुधा आत रुग्ण असतानाच घडते. भिंत फोडणारा माणूस जी हवा आत घेतो ती आजाऱ्यांची असते, आणि तो जी धूळ उडवतो ती आजाऱ्यांच्या छातीत जाते. या दुहेरी व्यवहाराचा महाराष्ट्रातील इतिहास काय आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून करावा लागतो. जमशेटजी जिजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून उभे राहिलेले मुंबईचे इस्पितळ १८४५ साली सुरू झाले. पुण्याचे ससून इस्पितळ १८६७ सालचे. या काळात रोग हे दूषित हवेतून उद्भवतात असा समज प्रबळ होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली इस्पितळांच्या रचनेवर पुस्तक लिहिले, त्यात मोकळी हवा, दूरदूर मांडलेल्या खाटा आणि पाणी न शोषणाऱ्या गुळगुळीत भिंती यांचा आग्रह होता. एडिंबरोचे डॉक्टर जेम्स सिम्प्सन तर त्याही पुढे गेले. मोठ्या इस्पितळांच्या भिंतींतच रोगाचे विष मुरते, म्हणून इस्पितळे हलक्या साहित्याची, वेळ आली की मोडून टाकता येतील अशी बांधावीत, असे त्यांचे मत होते. आज ही उपपत्ती जशीच्या तशी कोणी मानणार नाही. परंतु इमारत स्वतःच रोगाची वाहक होऊ शकते ही जाणीव तिच्यात होती, आणि ती पुढे वेगळ्या स्वरूपात खरी ठरली. भिंत रोगट असेल तर ती मोडणाऱ्याचे काय, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत कोणी फारसा विचारला नाही.

आपल्याकडे बांधकामाच्या कंत्राटांशी समाजसुधारणेचा एक जवळचा संबंध आहे, त्याचा उल्लेख येथे अस्थानी होणार नाही. जोतीराव फुले हे स्वतः कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणासारख्या कामांना साहित्य पुरवण्याचा त्यांचा व्यवसाय होता, आणि मजुरांची पिळवणूक कशी होते हे त्यांनी कामावर उभे राहून पाहिले होते. ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाले, त्याच साली सत्यशोधक समाज स्थापन झाला. या समाजाला मुंबईत जे आधार मिळाले त्यांत व्यंकू बाळोजी काळेवार, जाया कराडी लिंगू, रामय्या व्यंकय्या अय्यावारू ही तेलुगू मंडळी आघाडीवर होती, आणि मुंबईच्या बांधकामांच्या कंत्राटांत तेलुगू मंडळींचा वाटा मोठा होता. मुंबईचे बांधकाम करणाऱ्या कामाठी मजुरांचे नाव कामाठीपुऱ्याला अजून चिकटून आहे. म्हणजे मजुराच्या हिताचा विचार कंत्राटाच्या जगात अगदीच परका नव्हता. परंतु मजुरी, फसवणूक, जातीचा जाच हे त्या विचाराचे विषय होते. मजुराच्या शरीरात काय शिरते, हा विषय व्हायला एक महासंकट यावे लागले.

ते संकट म्हणजे १८९६ चा प्लेग. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी या रोगाचे निदान केले. १८९१ च्या खानेसुमारीप्रमाणे मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या घरात होती. पुढच्या काही महिन्यांत तिच्यातील फार मोठा भाग शहर सोडून गेला. आमच्या पेण-रोहे भागातील, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील, चाकरमानी धरमतरच्या खाडीमार्गे आणि घाटरस्त्यांनी गावी परतले. शहरात राहिले ते ज्यांना जाणे शक्य नव्हते असे, आणि ज्यांच्यावाचून शहराचे चालणार नव्हते असे.

पालिकेचे तेव्हाचे उपाय आठवून पाहावेत. रोगाचे बीज जमिनीत, ओलीत आणि अंधारात आहे असे धरून घरे धुतली जात, भिंतींना चुना दिला जात असे, कौले उतरवून आत ऊन घेतले जाई, मातीच्या जमिनी खणून काढल्या जात. उंदीर आणि पिसू यांचा दुवा पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत १८९८ साली दाखवला, आणि तो सर्वमान्य व्हायला मुंबईतील प्लेग आयोगाचे १९०५ नंतरचे प्रयोग यावे लागले. तोवरची नऊ-दहा वर्षे चुना देणारे, कौले उतरवणारे आणि जमीन खणणारे मजूर नेमके त्याच जागी हात घालत होते जेथे उंदरांची बिळे होती. मेलेल्या उंदराला सोडून गेलेली पिसू दुसरा ऊबदार आश्रय शोधते. त्या वेळी त्या खोलीत कुदळ घेऊन कोण उभा असे, याचे उत्तर देण्यासाठी वैद्यकाचे ज्ञान लागत नाही. जंतुनाशक म्हणून वापरला जाणारा पाऱ्याचा क्षार स्वतःच विषारी होता, ही आणखी एक भर.

याच काळात इस्पितळे झपाट्याने उभारावी लागली. पक्की इमारत बांधायला उसंत नव्हती. बांबू, तट्ट्या, चटया, झावळ्या यांच्या झोपड्या माळावर उभ्या राहिल्या. जातीजमातींनी आपापली इस्पितळे काढली. परळचा जुना गव्हर्नरचा वाडा प्लेगच्या रुग्णांसाठी उघडला गेला. त्याच वाड्यात १८८२ साली लेडी फर्ग्युसन कॉलऱ्याने वारल्या होत्या आणि त्यानंतर गव्हर्नरांनी मुक्काम मलबार टेकडीवर हलवला होता. पुढे १८९९ पासून तेथेच हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली. लाटसाहेबांना नकोसा झालेला वाडा रुग्णांच्या आणि मग प्रयोगशाळेच्या कामी आला. अशा प्रत्येक फेरबदलात सुतार, गवंडी, नळवाले आत शिरतच असणार. त्यांच्याविषयी अहवालांचे मौन आहे. तट्ट्यांच्या झोपड्यांना एक सोय होती. काम संपले की त्या जाळून टाकता येत. सिम्प्सनची कल्पना जणू मुंबईच्या माळावर अमलात आली होती.

लोकांच्या मनात या इस्पितळांविषयी काय होते, हे २९ ऑक्टोबर १८९६ च्या घटनेने दाखवून दिले. त्या दिवशी गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग इस्पितळावर चाल केली. तेथे गेलेला माणूस परत येत नाही, असा समज पसरला होता. त्यावेळचे पालिका आयुक्त स्नो यांना आणखी एक चिंता सतावत होती. धाकामुळे शहरातील सफाई करणारे निघून गेले, तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही, हे ते जाणून होते. इस्पितळाचा कारभार आणि शहराचे आरोग्य ज्या हातांवर उभे आहे ते हात कोणाचे, याची ही स्पष्ट जाणीव होती. दुर्दैवाने ती संरक्षणात उतरली नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग अधिनियम आला. त्यात सरकारला तपासणीचे, अलग ठेवण्याचे आणि शिक्षेचे अधिकार मिळाले. काम करणाऱ्याला द्यावयाच्या संरक्षणाविषयी त्या कायद्यात काही नव्हते.

त्याच महिन्यात, ९ तारखेला, गिरणीकामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे प्लेगने गेले. रविवारची सुट्टी मिळवून देणारा हा सत्यशोधक साथीत लोकांसाठी धडपडत होता. महिन्याभराने, १० मार्च १८९७ रोजी, हडपसरजवळच्या माळावर आपल्या डॉक्टर मुलाच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई गेल्या. या दोन मृत्यूंची आठवण आपण ठेवली, आणि ती ठेवायलाच हवी. सेवेतून आलेल्या मृत्यूला आपल्या भाषेत शब्द आहेत. दोन-चार आणे रोजावर चटया बांधताना आलेल्या मृत्यूला मात्र आपल्याकडे शब्दच नव्हता, म्हणून तो नोंदला गेला नाही, असे आम्हांला वाटते.

प्लेगनंतरचा धडा हिवतापाने दिला. १९०५ साली मुंबईत अलेक्झांड्रा गोदीचे काम सुरू झाले; ती १९१४ साली खुली झाली. या काळात शहरात हिवतापाचा जोर वाढला, आणि त्याची चौकशी डॉक्टर चार्ल्स बेंटली यांनी केली. त्यांचा अहवाल १९११ चा. विहिरी आणि टाक्यांच्या स्वच्छ पाण्यात वाढणारा अ‍ॅनॉफिलीस स्टेफेन्सी हा डास मुंबईच्या हिवतापाचा मुख्य वाहक आहे, हे त्यातून पुढे आले. बेंटली यांनी याआधी ख्रिस्तोफर्स यांच्यासह बंगालच्या चहामळ्यांच्या प्रदेशात काम केले होते. हजारो गरीब मजूर एका ठिकाणी आणून निकृष्ट निवाऱ्यात ठेवले की तापाची साथ तेथे मुक्काम करते, हा त्या दोघांचा निष्कर्ष होता. आमच्या मते या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा विचार आहे. रोग मजुराने ‘आणला’ असे म्हणण्याची सवय समाजाला असते. बांधकामाची पद्धत रोग निर्माण करते, हे या दोघांनी दाखवले. आजही स्लॅब भिजत राहावा म्हणून अडवलेले पाणी, उघडे पिंप आणि लिफ्टच्या खड्ड्यातील डबके ही मुंबईच्या डासांची आवडती ठिकाणे आहेत, आणि पावसाळ्यात पालिकेची माणसे बांधकामांवर फेऱ्या घालतात ती याच कारणाने. असे बांधकाम रुग्णालयाच्या आवारात असले, तर एका बाजूला तापाचा रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला डास अशी गाठ आपण स्वतःच घालून देतो.

आता धुळीकडे वळू. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कर्करोगावर तीव्र औषधे आली, मूत्रपिंडाचे आणि अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण सुरू झाले. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनीच दाबून ठेवलेली आहे असे रुग्ण रुग्णालयांत प्रथमच मोठ्या संख्येने राहू लागले. त्याबरोबर एक जुनी बुरशी नव्याने प्रकाशात आली, तिचे नाव अ‍ॅस्परजिलस. तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉन आकाराचे असतात, माती, राडारोडा आणि जुन्या छताच्या पोकळीत बसून राहतात, आणि भिंत फोडली की हवेत उडतात. इतके हलके असल्याने ते पटकन खाली बसत नाहीत. धडधाकट माणसाची फुप्फुसे त्यांना सहज निकालात काढतात. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाला तेच प्राणघातक ठरतात. रुग्णालयात दुरुस्ती चालू असताना शेजारच्या कक्षात ही बुरशी पसरल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या. सिम्प्सन म्हणत होते ती रोगट भिंत ती हीच, फक्त तिच्यातील विष हवेचे नसून जिवंत बीजाणूंचे निघाले.

यातून काम सुरू होण्यापूर्वी धोका मोजण्याची रीत आली. काम किती धूळ उडवणार याचे चार प्रकार, शेजारचे रुग्ण किती नाजूक याचे चार गट, आणि दोहोंच्या तक्त्यावरून बंदोबस्त ठरवायचा, असा तो आराखडा. पडदा छतापर्यंत लावून कडा बंद करणे, आतील हवा पंख्याने बाहेर ओढून ती रुग्णांकडे जाऊ न देणे, राडारोडा झाकलेल्या डब्यातून वेगळ्या वाटेने नेणे, फरशी ओली करून कापणे, बंद असलेले नळ पुन्हा सुरू करताना साचलेले पाणी सोडून देणे. हा शेवटचा नियम १९७६ सालच्या फिलाडेल्फियातील साथीनंतर ओळखल्या गेलेल्या लेजिओनेला या जंतूमुळे आला. भारतात रुग्णालयांना मानांकन देणारे मंडळ २००५ साली स्थापन झाले आणि त्याच्या निकषांतही बांधकामाच्या वेळची संसर्गाची काळजी समाविष्ट झाली.

येथे आम्हांला एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. हा सारा आराखडा रुग्णाला मजुराच्या धुळीपासून वाचवण्यासाठी जन्मला. तो योग्यच आहे. पण पडद्याच्या आत जो उभा आहे त्याचे काय? पडदा लावून धूळ कोंडली की ती नाहीशी होत नाही. ती आतल्या माणसाच्या वाट्याला जास्त येते. शिवाय त्याला केवळ बुरशीची भीती नसते. क्षयाच्या वॉर्डाशेजारी काम करताना हवेत क्षयाचे जंतू असू शकतात. दगड, विटा, सिमेंट यांच्या धुळीतील सिलिकाने फुप्फुस आधीच खराब झालेले असेल तर क्षयाची शक्यता अनेक पटींनी वाढते, हे वैद्यकाला पक्के ठाऊक आहे. तुंबलेल्या नळाच्या कोपऱ्यात, माळ्यावर, जुन्या खिडकीमागे वापरलेली सुई सापडते. गटाराच्या कामात उंदरांच्या लघवीतून लेप्टोचा धोका असतो. वर्षानुवर्षे साचलेली कबुतरांची विष्ठा खरवडताना आणखी एक बुरशी छातीत जाऊ शकते.

धूळ म्हणजे काय हे आमच्या भागात कोणाला शिकवावे लागत नाही. पेण तालुक्यातील जोहे, हमरापूर, कळवे, तांबडशेत ही गणेशमूर्तींची गावे. साच्यातून निघालेली प्लॅस्टरची मूर्ती घासून गुळगुळीत करताना पांढरी भुकटी केसांपर्यंत चढते. रुग्णालयातील खोटे छत ज्याचे असते आणि मोडलेल्या हाडावर जे बांधतात ते हेच प्लॅस्टर. परंतु जोह्याच्या कारखान्यात धुळीबरोबर दुसऱ्याचा आजार येत नाही. रुग्णालयाच्या छताशी काम करणाऱ्याकडे दोन्ही येतात, आणि त्याने तोंडाला बांधलेला रुमाल मूर्तिकाराच्या रुमालाहून काही निराळा नसतो. रुमाल मोठे कण अडवतो. दोन-तीन मायक्रॉनचे कण अडवायला चेहऱ्यावर घट्ट बसणारा खास मुखपट्टा लागतो.

कावीळ-ब च्या लसीचे उदाहरण घ्यावे. तिच्या तीन मात्रा असतात. पहिली, महिन्याने दुसरी आणि सहा महिन्यांनी तिसरी. कायम नोकरीतील परिचारिकेला त्या मिळू शकतात. नाक्यावरून उचललेला बिगारी सहाव्या महिन्यात कुठल्या शहरात, कुठल्या मुकादमाकडे असेल? मुख्य कंत्राटदार, पोटकंत्राटदार, मुकादम आणि मजूर अशी ही साखळी असते. रुग्णालय म्हणते मजूर कंत्राटदाराचा, कंत्राटदार म्हणतो मुकादमाचा. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मूळ मालकाला जबाबदार धरले, १९९६ च्या कायद्याने बांधकाम कामगारांसाठी उपकर आणि कल्याण मंडळ आणले, आणि हे कायदे आता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांत सामावले गेले आहेत. कायद्याची वाट मोकळी झाली आहे. तिच्यावरून लस, तपासणी आणि मुखपट्टा चालत नाक्यापर्यंत पोचतात का, हा खरा प्रश्न आहे.

२०२० साली या इतिहासाची पुनरावृत्ती आपण सर्वांनी पाहिली. मे महिन्यात वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर हजार खाटांचे तात्पुरते केंद्र उभे राहिले. ऑगस्टात पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर तसेच उभे राहिले. बांबू-तट्ट्यांच्या जागी पत्रे, प्लायवूड आणि जलरोधक कापड आले, पण कल्पना १८९७ चीच होती. टाळेबंदीत लाखो मजूर पायी गावाकडे निघाले असताना जे मागे राहिले त्यांनी हे काम केले. पुढच्या वर्षी प्राणवायूचा तुटवडा झाला. तेव्हा भरलेल्या वॉर्डांतून तांब्याच्या नळ्या टाकणारे, भिंतीला भोके पाडणारे, टाक्या जोडणारे कारागीर रात्रंदिवस राबले. त्याच वर्षी भंडारा, विरार आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील रुग्णालयांत आगी लागल्या, आणि त्यानंतर अग्निसुरक्षेच्या सुधारणांची निकड सर्वांना पटली. अशी कामे झाली की चालू रुग्णालयांची छते आणि भिंती पुन्हा उघडाव्या लागतात. एका सुरक्षेसाठी दुसरी धोक्यात येते, असा हा पेच आहे.

मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीने अनेकांचे डोळे आणि जबडे नेले, तेव्हा केंद्राने राज्यांना तो रोग नोंदणीयोग्य ठरवण्यास सांगितले. आधार होता १८९७ च्याच साथरोग कायद्याचा. त्याआधी २०२० मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना कडक शिक्षा ठरली होती; आर्थर रोडवरील हल्ल्यानंतर सव्वाशे वर्षांनी का होईना, काम करणाऱ्याच्या संरक्षणाचा शब्द कायद्यात आला. पन्नास लाखांच्या विम्याची योजनाही आली. तिची चौकट मात्र रुग्णसेवेची होती. नळीला झाळ देणारा कारागीर रुग्णाची ‘सेवा’ करत नाही. तो केवळ त्याचा श्वास चालू ठेवतो.

साथ ओसरल्यावर ती केंद्रे मोडली गेली. प्लेगच्या झोपड्या जाळल्या होत्या; या वेळी पत्रे उतरवून न्यावे लागले. कोणीतरी ते उतरवले.

या सव्वाशे वर्षांतून आम्ही एकच निष्कर्ष काढू इच्छितो, आणि तो भावनेचा नसून हिशेबाचा आहे. बांधकामाच्या जगात जे निविदेत बाब म्हणून येते आणि ज्याला दर लागतो तेच घडते. परांची, खोदाई, राडारोडा वाहून नेणे यांना दर असतात, म्हणून ती कामे होतात. धुळीचा पडदा, हवा ओढणारा पंखा, खास मुखपट्टे, मजुराची छातीची तपासणी आणि लसीच्या तिन्ही मात्रा ‘कंत्राटदाराने आवश्यक ती खबरदारी घ्यावी’ अशा एका वाक्यात कोंबल्या, तर सर्वांत कमी दर भरणारा कंत्राटदार त्या वाक्यावरच पहिली बचत करणार. त्याला दुष्ट ठरवून उपयोग नाही; खबरदारी घेणाऱ्या शेजाऱ्याने भरलेल्या जादा दरामुळे त्या शेजाऱ्याचे काम जाते, हे तो पाहत असतो. म्हणून हे खर्च स्वतंत्र बाबी म्हणून, ठरलेल्या दराने आणि मोजमापाने निविदेत यावेत. लसीची नोंद मुकादमाच्या वहीत न राहता मजुराच्या हातातील कार्डावर असावी, म्हणजे तिसरी मात्रा त्याला कोणत्याही गावात घेता येईल. आणि काम सुरू करण्याच्या कागदावर अभियंत्याच्या सहीशेजारी संसर्ग-नियंत्रण पाहणाऱ्या डॉक्टरांची सही असावी.

यात रुग्णाचे हित आणि मजुराचे हित वेगळे काढता येत नाही, हेच या इतिहासाचे सार आहे. ज्याच्या छातीत क्षय लपलेला आहे तो गवंडी नवजात बालकांच्या कक्षाशेजारी काम करतो, आणि ज्या कक्षाची हवा नीट बाहेर जात नाही तेथे गवंडी आजारी पडतो. भिंत एकच आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना माणसे श्वास घेत आहेत. कोनशिलेवर नाव नसले तरी चालेल. निविदेच्या तक्त्यात त्या श्वासाला एक ओळ मिळावी.